मिसिंग कुठे होतं?

(रौप्यमहोत्सवी वर्षात सभासदांनी आपापल्या आवडीच्या विषयावर रविवारी संध्याकाळी हॉलमध्ये बोलावं, असं ठरलं होतं. त्यातल्या एका भाषणाचा हा मजकूर.)

अध्यक्ष महाशय, सेक्रेटरीसाहेब, आणि चहा कधी मिळणार म्हणून मघापासून घड्याळाकडे बघणाऱ्या माझ्या सर्व शेजाऱ्यांनो,

कमिटीनं मला विचारलं, "काका, तुम्ही कशावर बोलणार?" बँकेतला माणूस म्हटल्यावर मुदत ठेवी, नॉमिनेशन, फार तर मृत्युपत्र, अशी त्यांची अपेक्षा असणार. मी म्हटलं, "मी गाडीच्या मिसिंगवर बोलणार." सेक्रेटरीसाहेब जरा गप्प झाले. मग म्हणाले, "बोला, पण पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला बंदी आहे, तेवढं मात्र भाषणात येऊ देऊ नका." तर ते मी आधीच सांगून टाकतो. मागच्या पावसाळ्यात तीन सकाळी मी पार्किंगमध्ये गाडी उघडून बसलो होतो. कमिटीची तोंडी परवानगी होती. लेखी नव्हती.

माझी गाडी तुम्ही सगळे ओळखता. पांढरी मारुती ८००, १९९७ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली. २००० साली आपण इथे राहायला आलो तेव्हा ती तीन वर्षांची होती. आता सोसायटी पंचवीस वर्षांची झाली आणि गाडी अठ्ठावीस. या मॉडेलची पहिली गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत उत्पादन बंद झालं. म्हणजे माझ्याकडे आहे ती बंद पडलेल्या शाखेची पासबुक म्हणा ना. २०२२ मध्ये आर.टी.ओ.त पुनर्नोंदणी केली तेव्हा फी सहाशेवरून पाच हजार झालेली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, पाच हजार घालण्यापेक्षा भंगारात द्या." मी पाच हजार भरले. का भरले ते विचारू नका. काही खर्चांना व्हाऊचर नसतं.

आता मुद्द्यावर येतो.

मागच्या जुलैत गाडी मिसिंग मारायला लागली. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण येतं, ते दाबलं जातं, आणि नेमक्या क्षणी प्लगमधून ठिणगी पडून ते पेटतं. तीन गोष्टी लागतात: मिश्रण, दाब आणि ठिणगी. यातली एक जरी कमी पडली तरी त्या वेळचा स्फोट होत नाही. तो पिस्टन मग स्वतः काम न करता बाकीच्यांच्या जिवावर वर-खाली होत राहतो. प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतो, तसा.

माझ्या गाडीला सिलिंडर तीनच आहेत. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला साधारण ९०० फेरे घेतं. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे एका सिलिंडरचे मिनिटाला ४५० स्फोट, तिघांचे मिळून १३५०, म्हणजेच सेकंदाला साडेबावीस. एक सिलिंडर गेला की उरले पंधरा. चार सिलिंडरच्या गाडीत एक गेला तर पाव ताकद जाते, आमच्या गाडीत सरळ एक तृतीयांश. गाडी थरथरते, स्टिअरिंग हातात गुरगुरतं, चढावर जीव जातो, आणि न जळलेल्या पेट्रोलचा वास मागच्या गाडीवाल्याला आधी येतो.

माझ्या गाडीला हे सकाळी व्हायचं, तेही पावसाळी सकाळी. दहा-पंधरा मिनिटं चालवली की आपोआप बरं. दुपारी तर एकदम ठणठणीत. डॉक्टरकडे गेल्यावर खोकला थांबतो ना, तसं.

इथपर्यंत यंत्राची गोष्ट झाली. आता माणसाची.

मिसिंग सुरू झालं त्या सकाळी आपल्याकडे गाड्या धुणारा मुलगा माझ्या गाडीपाशी बादली घेऊन उभा होता. त्याचं नाव घेत नाही, तुम्ही सगळे त्याला ओळखता. बॉनेटवरून पाणी ओघळत होतं. मी गाडी सुरू केली, ती थरथरली, आणि माझ्या डोक्यात दोन आणि दोन चार झाले. मी खाली उतरून त्याला झापलं. "इंजिनावर पाणी मारतोस? काही अक्कल?" तो म्हणाला, "काका, मी बॉनेट उघडलंच नाही." मी म्हटलं, "उलट उत्तर देऊ नकोस." सकाळची वेळ होती, शाळेच्या बसला मुलं निघाली होती, वॉचमन होता, फिरून आलेले चार जण होते. सगळ्यांसमोर बोललो. आणि पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. माझं बघून आणखी दोघा-तिघांनी त्याला बंद केलं.

तो गेला. मिसिंग राहिलं.

ऑगस्टमध्ये मी गाडी एका वर्कशॉपमध्ये नेली. त्यांना सगळं सांगितलं आणि वर एक वाक्य जोडलं. ते नीट लक्षात ठेवा. मी म्हणालो, "प्लग काढू नका. जूनमध्ये तिन्ही नवे घातलेत, मी स्वतः घातलेत." त्यांनी प्लगच्या वायरचा सेट बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, बिल दिलं. आठ दिवस ऊन पडलं, गाडी मजेत चालली. नवव्या दिवशी पाऊस आला आणि पुन्हा तेच. परत गेलो तर म्हणाले, "आता हेड खोलावं लागेल. व्हॉल्व्ह गेले असणार. अठरा हजार धरा." अठरा हजारात भंगारवालाही गाडी घेईल की नाही, याची शंका होती.

घरी आलो. रात्री झोप लागेना. आणि मला आमच्या जुन्या शाखेतला बॅलन्सिंगचा प्रकार आठवला.

तुमच्यातले काही जण बँकेतले आहेत, त्यांना माहीत आहे. कॉम्प्युटर यायच्या आधी लेजरमधली प्रत्येक शिल्लक हातानं लिहून बेरीज करायची आणि ती जनरल लेजरशी जुळवायची. जुळली नाही की फरक शोधायचा. फरकाला दोननं भाग जात असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची एखादी एन्ट्री चुकून उलट्या बाजूला पडली आहे का, ते बघायचं. नऊनं भाग जात असेल तर आकड्यांची अदलाबदल शोधायची: ७,३२५ चे कुणीतरी ७,२३५ लिहिले की फरक ९०. म्हणजे फरक स्वतःच आपला पत्ता थोडाफार सांगतो. आधी फरकाकडे नीट बघायचं, मग लेजर उघडायचं. नवशिका कारकून मात्र पहिल्या पानापासून सगळं पुन्हा लिहायला घेतो. माझ्या गाडीच्या बाबतीत आम्ही सगळे नवशिके कारकून झालो होतो. एक वायर बदलत होता, एक हेड खोलायला निघाला होता, आणि मी एका पोराला काढून टाकून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली आणि चार रकाने आखले: तारीख, हवा, काय केलं, काय झालं. नियम एकच ठेवला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गाडी सुधारली तर कशामुळे सुधारली ते कधीच कळत नाही.

आता त्या तीन सकाळी काय केलं ते क्रमानं सांगतो. जुनी गाडी असलेल्यांनी लिहून घ्या.

पहिली गोष्ट, आजार हजर असताना तपासा. दुपारी ठणठणीत गाडीत काही सापडत नाही. मी सकाळी साडेसहाला, पाऊस भुरभुरत असताना खाली गेलो. इंजिन सुरू केलं आणि मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी एक कागद धरला. धूर सलग येत असेल तर कागद एकसारखा फडफडतो. मिसिंग असेल तर मध्येच खंड पडतो. खंड ठरावीक तालात पडत असेल तर एकच सिलिंडर दोषी असण्याची शक्यता जास्त. कसाही, केव्हाही पडत असेल तर सगळ्यांच्या सामाईक गोष्टींकडे बघायचं: कॉईल, रोटर, पेट्रोलचा पुरवठा, कार्ब्युरेटर, कुठूनतरी आत शिरणारी हवा. माझा खंड तालात होता. भजनात एकच टाळकरी चुकतो, तसा.

दुसरी गोष्ट, तो टाळकरी कोण ते शोधायचं. जुने मेकॅनिक चालू इंजिनाची एकेक वायर ओढून बघतात. तुम्ही ते करू नका. त्या वायरमध्ये दहा-वीस हजार व्होल्ट असतात. झटका तर बसतोच, शिवाय उघड्या वायरमुळे कॉईलही जाऊ शकते. रीत अशी: इंजिन बंद करा. एका सिलिंडरची वायर काढा, तिच्या टोकाला एक जुना प्लग लावा, आणि तो प्लग इंजिनाच्या धातूला वायरनं पक्का बांधा, म्हणजे करंटला अर्थ मिळेल. मग इंजिन सुरू करून फक्त ऐका. बंद करा, वायर परत जागी लावा, पुढचा सिलिंडर घ्या. चांगल्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी लंगडतं. मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही. एक नंबरची काढली, इंजिन बंद पडता पडता राहिलं. तीन नंबरची काढली, तेच. दोन नंबरची काढली, इंजिनाला पत्ताही नाही. वहीत लिहिलं: "दोन नंबर गैरहजर."

सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत हा प्रयोग जास्त वेळ चालवू नका. न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन पेटतं आणि तो भाग तापून खराब होतो. आणि नव्या गाड्यांना एवढं करावंच लागत नाही. स्कॅनर लावला की पी-०३०१, पी-०३०२ असा कोड येतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पण लक्षात ठेवा, कोड सिलिंडर सांगतो, कारण सांगत नाही. "दोन नंबरच्या काउंटरवर फरक आहे" एवढंच तो म्हणतो. पुढचं आपलं आपल्यालाच शोधावं लागतं.

तिसरी गोष्ट, पाणी. दुसऱ्या दिवशी हवा कोरडी होती, गाडी बरी होती. सौभाग्यवतींचा झाडांवर पाणी फवारायचा पंप घेतला आणि चालू इंजिनावर बारीक तुषार मारले, एका वेळी एकाच जागी. आधी डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर. या टोपीला केसाएवढी चीर गेली तर करंट तिथून पळतो आणि आतल्या बाजूला पेन्सिलनं ओढल्यासारखी काळी रेघ उमटते. ओली हवा आणि मिसिंग म्हटलं की पहिला संशय तिच्यावरच. टोपीवर पाणी मारलं, काही झालं नाही. उघडून पाहिली, स्वच्छ. मग एक नंबरच्या प्लगपाशी, काही नाही. तीन नंबरपाशी, काही नाही. दोन नंबरपाशी मारलं आणि गाडी लगेच थरथरली.

मला आनंद झाला. गुन्हेगार सापडला! वर्कशॉपनं घातलेली नवी वायरच खराब. रात्री अंधार करून, बॉनेट उघडून बघितलं. सदोष वायरवरून अंधारात निळ्या ठिणग्या पळताना दिसतात. एकही दिसली नाही. मग एक नंबरची वायर दोन नंबरला लावली आणि दोनची एकला. असं करताना डिस्ट्रिब्युटरकडची टोकंही बदलावी लागतात, नाहीतर पेटण्याचा क्रम चुकतो. आमच्या इंजिनात तो एक-तीन-दोन असा असतो. वायर दोषी असती तर आजार तिच्याबरोबर एक नंबरला गेला असता. गेला नाही. दोन नंबरलाच राहिला. वहीत लिहिलं: "वायर निर्दोष." वर्कशॉपची मनातल्या मनात माफी मागितली. ती स्वस्त पडते.

मग उरलं काय? हेड. अठरा हजार. माझा चेहरा उतरला. पण म्हटलं, शेवटची तपासणी करू. ओळखीच्या एका मेकॅनिककडून कॉम्प्रेशन गेज आणलं. तिसऱ्या दिवशी इंजिन गरम केलं, तिन्ही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले, ठिणगी पडू नये म्हणून कॉईलची वायर काढली. सौभाग्यवतींना गाडीत बसवलं आणि सांगितलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेव आणि मी म्हणेन तेव्हा पाच-सहा सेकंद स्टार्टर मार. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या आकड्यात दहा टक्क्यांचाही फरक नव्हता.

एखाद्याचा आकडा बराच कमी आला असता तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. ऑइलनं दाब वाढला तर रिंगा गेल्यात. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर दोघांच्या मधली गॅस्केट. पण माझे तिन्ही ठीक होते. म्हणजे हेड खोलायची गरज नव्हती. अठरा हजार वाचले, पण कोडं तसंच.

मी स्टुलावर बसून वही बघत होतो. सगळ्या ओळींपुढे निकाल होता. टोपी, पाहिली. वायर, अदलाबदल केली. दाब, मोजला. आणि सगळ्यात वर, पहिल्याच दिवशी लिहिलेली ओळ होती: "प्लग, नवे, ठीक." त्यापुढे टिक.

ती टिक मी प्लग न बघता केली होती.

तेवढ्यात सौभाग्यवती गाडीतून उतरल्या. वर्तमानपत्रावर मांडलेले प्लग बघून म्हणाल्या, "हा मधला कपासारखा तडकलाय का हो?"

मी चष्मा लावला. प्लगची टोकं मी मघाशी पाहिली होती. दोन टोकं फिकट तपकिरी, म्हणजे तब्येत उत्तम. मधलं काळं, ओलं, पेट्रोलचा वास येणारं, म्हणजे इथे जाळ होत नाही, हे मला माहीतच होतं. पण टोकाच्या वर जो पांढरा चिनीमातीचा भाग असतो तो मी पाहिलाच नव्हता. तिथे, षटकोनी नटाच्या जरा वर, केसाएवढी तिरकी काळी रेघ होती. नखानं पुसली, पुसली जाईना. तडा होता. वायरच्या रबरी टोपीखाली झाकलेला. आत जे चाललं होतं ते अंधारात तरी कसं दिसणार? ओल आत गेली की करंटला टोकापर्यंत जायचं कारणच उरत नव्हतं. तो त्या भेगेतून सरळ इंजिनाच्या धातूत उतरत होता. इंजिन तापलं की ओल सुकायची आणि प्लग पुन्हा कामावर हजर.

आता हा तडा कुणी पाडला? वर्कशॉपनं प्लगला हात लावला नव्हता, कारण मी लावू दिला नव्हता. गाड्या धुणाऱ्या मुलानं बॉनेट उघडलं नव्हतं, तसं त्यानं सांगितलंही होतं. जूनमध्ये ते प्लग घातले मी. माझ्याकडचा पाना जुना, त्याच्या आतलं रबर कधीच झडून गेलेलं. मधल्या प्लगला तो तिरका बसला होता, एकदा निसटलाही होता. आवाज आला होता, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. पण ज्याच्यावर आपली सही असते ते व्हाऊचर आपण परत काढून बघत नाही.

बँकेत म्हणूनच नियम असतो की एन्ट्री करणारा आणि ती तपासणारा हे दोघे वेगवेगळे हवेत. माणूस लबाड असतो असं नाही. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. पस्तीस वर्षं मी हा नियम दुसऱ्यांना शिकवला. स्वतःच्या गाडीपाशी मी करणाराही होतो, तपासणाराही होतो, आणि निकाल देणाराही. माझी तपासनीस ॲक्सिलरेटरवर पाय देऊन गाडीत बसली होती.

नवा प्लग आणला, किंमत दीडशेच्या आत. फटीचं माप गाडीच्या पुस्तिकेत बघून फिलर गेजनं लावलं. पाना नवा, आत रबर असलेला घेतला. प्लग आधी हातानंच पूर्ण आटपायचा, हातानं जात नसेल तर आटे जुळलेले नाहीत, जबरदस्ती करायची नाही. तो टेकला की पान्यानं साधारण अर्धा फेरा. नव्या वॉशरच्या प्लगला तेवढं पुरतं. दुसऱ्या दिवशी पाऊस पडला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली आणि कागद एकसारखा फडफडला.

दोन-तीन सूचना कमिटीसाठी आणि तुमच्यासाठी. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलची बाटली, विडी-काडी जवळ नको. चालू इंजिनाच्या पट्ट्याजवळ ओढणी, साडीचा पदर, सैल बाही नको. ज्यांच्याकडे अजून पद्मिनी असेल त्यांनी डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट आणि कंडेन्सरही तपासावेत. प्लगचं टोक कोरडं काळं, काजळीसारखं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकलाय का बघा. तेलकट काळं असेल तर ऑइल वर येतंय. पांढरंफटक असेल तर मिश्रणात हवा जास्त आहे, जुन्या रबरी नळ्यांना भेगा पडल्यात का बघा. आणि नवी वस्तू म्हणजे चांगली वस्तू, असं कधीही लिहू नका. बघून लिहा.

आता राहिलेला हिशेब.

मी त्या मुलाला शोधत गेलो. तो समोरच्या सोसायटीत गाड्या धुतो. एका गाडीची काच पुसत होता. मी त्याला म्हटलं, "अरे, गाडीचं मिसिंग माझ्याच चुकीनं होतं. तुझा काही संबंध नव्हता. मी तुला उगाच बोललो." तो हसला नाही, रागावलाही नाही. म्हणाला, "काका, मी तेव्हाच सांगितलं होतं." मी म्हटलं, "हो, सांगितलं होतंस." परत ये म्हणालो. तर म्हणाला, "आता नाही जमणार. इथे सतरा गाड्या आहेत." बरोबर आहे. आपण कमी केलं म्हणून माणूस थांबून राहत नाही. जमेल तेवढे, त्याच्या दोन महिन्यांचे पैसे मी त्याच्या हातात ठेवले. त्यानं एकाच महिन्याचे घेतले. म्हणाला, "दुसऱ्या महिन्यात मला इकडे काम मिळालं होतं." हिशेबाला तो माझ्यापेक्षा पक्का निघाला.

पण एक गोष्ट माझ्या मनात राहिली. मी त्याला बोललो होतो सगळ्यांसमोर आणि माफी मागितली होती कोपऱ्यात. जी एन्ट्री ज्या लेजरला पडली तिची दुरुस्तीही त्याच लेजरला पडायला हवी. म्हणून मी हा विषय घेतला. आज त्याला मी इथे बोलावलं होतं, पण रविवारी संध्याकाळी त्याला दुसरं काम असतं. त्या सकाळी पार्किंगमध्ये जे जे हजर होते, आणि माझं बघून ज्यांनी त्याला बंद केलं, त्या सगळ्यांना मी सांगतो: त्याची चूक नव्हती. माझी होती. सेक्रेटरीसाहेब, हे भाषण स्मरणिकेत छापणार असाल तर बाकीचं जागेअभावी काढा, हा परिच्छेद काढू नका.

पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीत छताच्या गळतीवरून, टाकीच्या पाण्यावरून, लिफ्टवरून किती वाद झाले ते मी सांगायला नको. वरच्या मजल्यानं खालच्याला, खालच्यानं वरच्याला बोल लावले. माझंही नाव त्यात आहे. त्या प्रत्येक वेळी कुणीतरी वही घेऊन, एका वेळी एक नळ बंद करून बघितलं असतं, तर निम्मे वाद मीटिंगपर्यंत आलेच नसते. माझा अनुभव एवढाच आहे. यंत्राला कुणाचा राग नसतो. जिथे तडा असतो तिथूनच ते करंट सोडतं. शोधणाऱ्यानं फक्त एक करायचं: यादीत स्वतःचं नावही लिहायचं, आणि त्याच्यापुढे न बघता टिक करायची नाही.

फिलर गेज, नवा पाना आणि ती वही माझ्याकडे आहे. ज्यांना लागेल त्यांनी जरूर न्यावी. मात्र वॉचमनच्या रजिस्टरमध्ये सही करून न्या. सवय जात नाही.

चहा आला वाटतं.